गाणं शिकायचं नाही, ऐकायला शिकायचंय: सुरुवात कुठून करायची?

सुरंगी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून काढते, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी जयगड खाडीच्या काठावरच्या एका गावात राहते. लहानपणापासून शास्त्रीय शिकले, विशारद केलं, मग नोकरी आणि संसार यात गाणं घरापुरतंच राहिलं. गेल्या वर्षी देवळाच्या सभामंडपात दर शनिवारी संध्याकाळी एक तास बसायला सुरुवात केली, म्हणजे असं की ज्यांना गाणं अजिबात येत नाही, ज्यांनी कधी पेटीला हात लावलेला नाही अशा मोठ्या माणसांना निदान ऐकताना काय चाललंय ते कळावं. फी वगैरे काही नाही. पहिल्या शनिवारी चौदा जण आले. एक एसटीचे कंडक्टर, बचत गटातल्या चौघी, आंब्याच्या बागा राखणारे एक काका, आणि खाडीपलीकडून तवसाळहून फेरीबोटीने येणाऱ्या दोघी, बाकी आजूबाजूचे.

मी काय केलं, तर फळा आणला. पहिल्या दिवशी सात शुद्ध स्वर, चार कोमल, एक तीव्र, मिळून बारा. दुसऱ्या शनिवारी दहा थाट, म्हणजे रागांचे गट, लिहून काढले, तिसऱ्या शनिवारी आरोह अवरोह वादी संवादी. मला ज्या क्रमाने शिकवलं त्याच क्रमाने. चौथ्या शनिवारी पाच जण उरले. कंडक्टरभाऊ नंतर बाजारात भेटले तर म्हणाले, ताई राग मानू नका पण भूमितीच्या तासाला बसल्यासारखं व्हायला लागलं. मला ते फार लागलं, दोन दिवस झोप नाही नीट, पण माणूस खरं बोलला होता.

मग गणपती आले. आमच्या वाडीत आरतीला चाळीसेक माणसं असतात. मी मागे उभी राहून बघत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं म्हणा ना. हेच कंडक्टरभाऊ झांज वाजवत होते. आरती हळू सुरू होते, मग वेग चढत जातो, शेवटच्या कडव्याला तर केवढा, आणि चाळीसच्या चाळीस माणसं एकत्र चढतात, एकाचीही टाळी मागे राहत नाही. कोणी शिकवलं यांना? दुसरी गोष्ट, बागवाल्या काकांनी एक आरती त्यांच्या आवाजात उचलली तर सगळ्या बायका गप्प, काही जणी पार खाली पुटपुटायला लागल्या. पुढची एका मावशीने उचलली तर पुरुषांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. कोणी कोणाला काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं की बसत नाहीये. लय कळते, पट्टी कळते, फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नाही. आणि मी चार शनिवार नुसती नावंच सांगत बसले होते!

म्हणून या वर्षी उलटं केलं. फळा बंद. पहिले दोन शनिवार सुराचा विषयच काढला नाही, फक्त टाळी. आरती म्हणायची आणि नेहमीसारखी प्रत्येक ठोक्याला टाळी वाजवायची. मग तीच आरती, पण आठ मोजायचे आणि टाळी फक्त एकावर, बाकीचे सात मनात. पहिल्यांदा सगळे कुठल्या कुठे पांगले. दुसऱ्यांदा निम्मे जमले. तिसऱ्यांदा सात मात्रांची शांतता आणि मग सगळ्यांची एकच टाळी पडली, सभामंडपात असा खणकन आवाज झाला की गाभाऱ्यातून पुजारीकाका डोकावले. मी म्हटलं, ही जी जागा आहे ना जिथे आपण सगळे भेटलो, तिला सम म्हणतात. नाव नंतर, आधी ती जागा. मग पाचव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला उघडायचा, त्या रिकाम्या जागेला "खाली" म्हणतात. मग तोंडाने "धा गे ना ती, ना क धी ना". झाला की केरवा.

आता पुढची अडचण. ताल असा हातात देता येतो, पण सूर कसा द्यायचा? आणि राग म्हणजे काय हे कधी सांगायचं? तुमच्यापैकी कोणी असं केलं असेल तर लिहा. नुसतं ऐकणाऱ्यांनीही लिहा, तुमचं जास्त हवंय.

---

धूम_आणि_शाई

सुरंगीताई, वाचून लय बरा वाटला. माझो आजो भजनात पखवाज वाजवायचो, माका कोणी ताल म्हणान शिकवलो नाय, आज्याच्या बाजूक बसान बसान इलो. आता सगळ्यांका कळाक व्हया म्हणून साध्या मराठीत लिहितो.

आमच्या कणकवलीकडे डबलबारी म्हणजे काय असते ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, दोन बुवा आमनेसामने, अभंग गौळण गजर, रात्र सरते. तिथे बसणाऱ्यातल्या शंभरातल्या नव्वदांना मात्रा हा शब्द सांगता येणार नाही पण पखवाजवाला समेवर चुकला तर पहिल्या रांगेतल्या म्हातारीची मान थांबते. म्हणजे कान तयारच आहेत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के.

सुराबद्दल माझ्याकडे एक गोष्ट आहे ती सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, त्याला आम्ही धूम म्हणतो, वाजवायच्या आधी कणीक लावतात. आजा ती कणीक स्वतः मळायचा, पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पाण्याचा हात लावत लावत, आणि मग मधोमध पुरीएवढी थापायचा. थापण्याआधी एक थाप मारायचा, कोरडा टप असा आवाज. मग थोडी कणीक, परत थाप. अजून थोडी, परत थाप. प्रत्येक वेळी मला विचारायचा, खाली गेला काय रे? आणि खरंच आवाज पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली जायचा, शेवटी तो धुम्म असा छातीत वाजायला लागला की आजा बोटाने कडा सारख्या करायचा आणि हात पुसायचा. वजन वाढलं की चामडं सावकाश हलतं, सावकाश हललं की सूर खाली. हे विज्ञान मला खूप नंतर कळलं, उंच सूर आणि खाली सूर म्हणजे काय ते मात्र पाचव्या वर्षी कळलं. उजवी बाजू शाईची, ती पेटीच्या सा ला मिळवायची, गठ्ठे ठोकून नाहीतर कडेच्या वादीवर हातोडी मारून.

तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच, तिथल्या पखवाजवाल्याला एक शनिवार बोलवा आणि सगळ्यांसमोर कणीक लावायला सांगा. फळ्यापेक्षा भारी. पावसाळ्यात बोलावलंत तर अजून एक दिसेल, चामडं दमट हवा ओढून घेतं आणि अर्ध्या तासात सूर उतरतो, मग परत ठोकाठोक.

---

चाकरमानी

मूळ गाव राजापूर, सध्या डोंबिवली. ताई तुम्ही नुसतं ऐकणाऱ्यांना लिहायला सांगितलं म्हणून धीर करून लिहितोय. लोकलमध्ये रोज जाऊन येऊन तीन तास कानात गाणं असतं. मागच्या वर्षी ठरवलं शास्त्रीय ऐकायचं आणि एका मोठ्या गायकाचं तासाभराचं रेकॉर्डिंग लावलं. पंचवीस मिनिटं झाली तरी शब्द एकच ओळ, आणि मला वाटत राहिलं की गाणं सुरू कधी होणार. मग अपराध्यासारखं वाटून बंद केलं. लोक म्हणतात राग ओळखता आला पाहिजे. मला तर दोन रागांत फरकच कळत नाही. मी ऐकायचं की नाही?

---

सुरंगी

चाकरमानी दादा, ऐकायचंच! आणि अपराध्यासारखं वाटायचं काही कारण नाही, तुम्ही सुरुवातच सगळ्यात अवघड टोकाकडून केलीत. विलंबित ख्यालात लय इतकी संथ असते की एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत जायला कधी कधी मिनिटभर लागतं, नव्या माणसाला मधलं अंतर दिसतच नाही. रेकॉर्डिंग पुढे सरकवा आणि जिथे तबला जलद होतो तो द्रुत भाग आधी ऐका. त्यात बंदिशीचा, म्हणजे गाण्याच्या बांधलेल्या ओळींचा, एक शब्द दर वेळी समेवर येऊन पडतो. तेवढा एक शब्द पकडायचा. गायक कुठे कुठे फिरून येईल, तुम्ही फक्त तो कधी परत घरी येतो ते बघत बसा. चार वेळा पकडला की पाचव्या वेळी तुमची मान आपोआप हलेल. राग ओळखणं वगैरे पुढचं.

आणि लहान रेकॉर्डिंग निवडा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर एका बाजूला साधारण तीन साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या काळच्या मोठ्या गवयांनी सगळा अर्क तेवढ्यात भरलाय. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची "जात कहां हो" ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. १९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली आहे तिच्यावरच्या संगीतात भारतातून ही एकच निवड आहे. तिथूनच सुरू करा. भैरवी तुमच्या कानाला ओळखीची असणार, भजनाचा शेवट ज्या सुरात होतो ना, तीच. रे ग ध नी चारही कोमल. आपल्या माणसाला हे माहीत नसतं पण ती सुरू झाली की आता आटपायची वेळ झाली हे कळतं, चपला शोधायला लागतात लोक.

आता दोन रागांतला फरक. मी बायकांना असं सांगितलं, बघा पटतं का. तांदळाचं पीठ, खोबरं, गूळ. यातून मोदक होतो आणि यातूनच पातोळ्या होतात. जिन्नस तेच. पण पातोळी हळदीच्या पानात वाफवली की तो वास घरभर होतो आणि डोळे मिटूनही कोणी तिला मोदक म्हणणार नाही. भूप आणि देशकार हे दोन राग असेच. दोघांतही पाचच स्वर, सा रे ग प ध, मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. पण भूप गंधारावर (ग) येऊन विसावतो, खालच्या अंगाने फिरतो, संध्याकाळचा. देशकार धैवताला (ध) धरून वरच्या अंगाला राहतो, सकाळचा. स्वर कुठले यापेक्षा कुठे थांबायचं, कशावर रेंगाळायचं यात राग असतो. दोन्ही पाच पाच मिनिटं लागोपाठ ऐका. नावं लक्षात ठेवू नका, फक्त हे बघा की गाणं कुठल्या जागी टेकतंय.

धूम दादा, कणकेची कल्पना उचलली! आमच्या मंडळाच्या पखवाजवाल्या काकांना आजच विचारते.

---

रियाझी

थोडं वेगळं मत मांडतो, कृपया गैरसमज नको. मी चाळीस वर्षं पेटी आणि गायन शिकवतोय. आरतीतून मोदकातून सुरुवात हे ऐकायला गोड वाटतं पण यातून पाया तयार होत नाही. सा लावणं, सरगम, अलंकार, पलटे, हे रोज केल्याशिवाय सूर कानात बसत नाही, आणि कानात बसल्याशिवाय आस्वाद कसला? पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं, काठावरून बघून होत नाही. आजकाल सगळ्यांना सगळं दोन तासांत हवंय. सुरंगीताईंचा हेतू चांगला आहे, पण थाट टाकून देऊ नका, भातखंड्यांनी आयुष्य घालवलं त्यासाठी.

---

सुरंगी

सर, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे आणि ज्याला गायचंय त्याला पलट्यांशिवाय गत्यंतर नाही हे मला हजारदा मान्य. मी स्वतः त्यातूनच गेले. पण माझ्याकडे येणाऱ्या मावशी साठीच्या आहेत, त्यांना मैफलीत गायचं नाही, त्यांना रेडिओवर गाणं लागलं की उठून बंद करावंसं वाटू नये एवढंच हवंय. तानसेन नाही तर कानसेन तरी, असं आपणच म्हणतो ना.

थाटांबद्दल एक नम्रपणे सांगते. भातखंडे (१८६०-१९३६) गावोगाव फिरले, घराण्यांतल्या उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, लिहून काढल्या आणि मग एवढा पसारा लावायचा कसा म्हणून दहा थाटांत बसवला. म्हणजे राग आधी होते, कपाट नंतर आलं. मी चूक केली ती ही की ज्यांच्याकडे अजून ठेवायला काही नाही त्यांना आधी कपाट दाखवलं. दहा-बारा राग कानावरून गेले की त्याच बाया विचारतील की हे सगळं लक्षात कसं ठेवायचं, तेव्हा थाट सांगेन आणि तेव्हा तो उपयोगी पडेल. आणि गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेही गाणं घराण्यांच्या बाहेर सामान्य माणसापर्यंत पोचावं म्हणूनच ना. मी त्याचंच अगदी छोटं काम करतेय असं मला मनापासून वाटतं.

---

रियाझी

कपाट नंतर, हे पटलं. माझ्याकडेही दरवर्षी निम्मी मुलं प्रारंभिकच्या परीक्षेआधीच सोडतात, त्याचा विचार करायला हवा मला. मात्र सा लावून घ्याच सगळ्यांकडून, अगदी साठीच्या मावशींकडूनही. ते सोडू नका.

---

खलाशी

मी गाण्यातला नाही, मच्छीमारी. पण सूर हातात कसा द्यायचा असं विचारलंत तर एक सांगतो, पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी केलेलं.

चार फुटाची फळी घेतली. दोन टोकांना खिळे. जाड तंगूस, जी आपण मोठ्या गळाला वापरतो ती, ताणून बांधली, खालून दोन लाकडी घोड्या सरकवल्या, मधलं अंतर मोजून बरोबर ३६ इंच. छेडलं की एक सूर. आता तिसरी बारकी घोडी घ्यायची आणि मधोमध १८ इंचावर सरकवायची, छेडलं की तोच सूर पण वरचा. पोरगा म्हणाला पप्पा हा तर तोच आहे, फक्त बारीक आवाजात. मग घोडी अशी सरकवली की एका बाजूला २४ इंच राहतील, ती बाजू छेडली, तर वेगळा पण पहिल्याशी एकदम जुळणारा. शेजारच्या भजनीबुवाने ऐकून सांगितलं हा पंचम (प), २७ इंच ठेवा, मध्यम (म) येईल. आला. बोटाने दाबू नका, दाबलं की तंगूस ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, घोडीच सरकवा.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की सा रे ग म हे कोणी मनाने ठरवलेलं नाही, मोजता येतं.

---

सुरंगी

खलाशी दादा, काय सुंदर! पुस्तकात अगदी हेच ३६, २७, २४, १८ आकडे आहेत आणि मी ते पाठ करून परीक्षेत लिहिले होते, तंगूस ताणून कधी बघितलं नाही. निम्मी तार म्हणजे दुप्पट कंपनं, म्हणून वरचा सा, त्यालाच तार षड्ज म्हणतात. दोन तृतीयांश तार म्हणजे दीडपट कंपनं, तो पंचम. सा २४० धरला तर प ३६० आणि वरचा सा ४८०.

यातूनच आरतीतल्या भांडणाचं उत्तरही मिळतं. पुरुषांचा सा बहुतेक काळी एक काळी दोनला (पेटीवरची पहिली, दुसरी काळी पट्टी) असतो, बायकांचा काळी चार काळी पाचला. पुरुषांनी काळी एक धरली तर त्यांचा पंचम काळी चारवर येतो, म्हणजे मावशीचा सा तो काकांचा पंचम! म्हणून एकाने उचललेली आरती दुसऱ्याच्या गळ्यात बसत नाही. यात कोणाचाच गळा वाईट नाही.

---

अबोली

बरेच दिवस फक्त वाचत होते. ताई तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

मी दहा वर्षांची असताना शाळेच्या समूहगीतात होते. तालमीत एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तू फक्त तोंड हलव, आवाज काढू नकोस. मी तसंच केलं. स्टेजवर उभी राहून नुसतं तोंड हलवलं. आज मी ४३ वर्षांची आहे, आरतीत सुद्धा मी आवाज काढत नाही, नुसते ओठ. मुलाला पाळणा म्हणताना दार लावून घ्यायचे. मला खरंच गाणं येतं की नाही माहीत नाही, मी कधी बघितलंच नाही. माझ्यासारखीला सा लावता येईल का?

---

सुरंगी

अबोली, वाचून पोटात तुटलं. दहा वर्षांच्या मुलीला असं सांगणं फार चुकीचं होतं, त्यात तुझी काडीची चूक नाही. बहुतेक वेळा मूल बेसूर नसतं, पट्टी त्याच्या गळ्याला चुकीची असते, जे चाळीस माणसांच्या आरतीत होतं तेच.

आता असं कर. घरी कोणी नसताना. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घे, काळी चार लाव, उंच वाटलं तर खाली उतरव. पाच मिनिटं गाऊ नकोस, नुसतं ऐक. मग तोंड मिटून हं... असा नुसता हुंकार दे, खालून सुरू कर आणि विहिरीतून घागर वर घेतो तसा सावकाश वर आण. तुझा आवाज तानपुऱ्याच्या जवळ आला की दोघांच्या मध्ये एक थरथर जाणवेल, घुं घुं घुं अशा लाटा. दोन सूर जवळ पण वेगळे असले की त्या लाटा येतात. जवळ गेलीस की लाटा सावकाश होतात, आणि बरोबर मिळालं की थांबतात. कोणाला विचारावं लागत नाही लागला का म्हणून. लाटा थांबल्या की लागला.

---

पायपेटी

अबोलीताईंना जाता जाता एक सुचवतो, पेटीऐवजी तानपुरा सांगितलं ते योग्य केलंत. मी स्वतः पेट्या दुरुस्त करतो, दशावताराच्या पायपेट्याही (पायाने भाता मारायच्या) येतात माझ्याकडे, जत्रांच्या मोसमाआधी रांग असते. खाऱ्या हवेने सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पात्या, गंजतात, पावसात पट्ट्या फुगून अडकतात. पेटीवर माझं पोट आहे तरी सांगतो, पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले असतात म्हणजे कुठलीही पट्टी धरता यावी. त्यासाठी प्रत्येक सुराला थोडी तडजोड करावी लागते. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. हो, तानपुऱ्याच्या तारा फक्त प आणि सा ला लावलेल्या असतात तरी नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून गंधार ऐकू येतो, जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यासाठी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवतात, केसभर इकडे तिकडे झाला तर आवाज मरतो आणि जागेवर बसला की तार बोलायला लागते, जवारी खुलणं म्हणतात ते हे.

आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ते पेटीवर येतच नाही. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती त्यामागे ही कारणं होती. असं असूनही आपल्या गावागावात गाणं पोचवलं ते पेटीनेच, देवळात टिकते, कोणीही बसून वाजवतो. त्यामुळे मंडळींना पेटीवर स्वर दाखवा आणि कान तानपुऱ्यावर तयार करा.

---

चाकरमानी

गावी जत्रेला जाऊन आलो म्हणून धागा वर काढतोय.

ती भैरवी रोज ऐकतोय, साधारण महिना झाला. आधी नुसता जुना खरखरीत आवाज वाटायचा. आता त्यात एक जागा आहे जिथे बाई वर जाऊन थांबतात, तिथे दर वेळी अंगावर काटा येतो, का ते सांगता येत नाही. भूप देशकार पण केलं तुम्ही सांगितल्यासारखं, तिसऱ्या दिवशी बायकोला म्हटलं हा संध्याकाळचा वाटतोय, नाव बघितलं तर भूप!

पण खरी गोष्ट जत्रेतली. दशावतार लहानपणापासून बघतोय, माझं लक्ष कायम राक्षसाच्या एन्ट्रीकडे. या वेळी मी मुद्दाम वाजवणाऱ्यांच्या बाजूला बसलो. राजा बोलत असतो, संवाद तर सगळे आयत्या वेळचे, लिहिलेलं काही नसतं, आणि पायपेटीवाला मागे एकच सूर धरून असतो, सोडतच नाही. मग राजा बोलता बोलता पदात शिरतो आणि बरोबर त्याच सुरातून उचलतो. म्हणजे मागचा सूर त्याच्यासाठीच धरून ठेवलेला होता! चाळीस वर्षं बघितलं आणि हे ऐकलंच नव्हतं. युद्धाच्या वेळी मृदंग आणि झांज, त्यात मी आठ मोजायला लागलो आणि समेवर तलवार आपटते की काय ते बघत बसलो. बहुतेक वेळा आपटते!

जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्यात संगीत महोत्सव असतो, तिकडे यायचा विचार आहे. पूर्ण मैफल बसून ऐकेन या वेळी, पहिली पंचवीस मिनिटं सुद्धा.

---

अबोली

ताई, लागला.

ॲपवर चार दिवस जमलं नाही, लाज वाटायची, एकटी असून. काल दुपारी मागच्या दारी भांडी घासत होते, विहिरीवरचा पंप चालू होता. त्याचा तो एकसारखा गूं आवाज. सहज तोंड मिटून हुंकार दिला. थरथर जाणवली, तुम्ही लिहिली तशीच, घुं घुं. मी हातातली कढई खाली ठेवली आणि आवाज जरा वर नेला. लाटा सावकाश झाल्या, अजून सावकाश, आणि मग एकदम सपाट. पंपाचा आवाज कुठला आणि माझा कुठला तेच कळेना. तशीच उभी राहिले टाकी भरेपर्यंत. वीज गेली असती तर रडले असते. मग तशीही रडलेच.

---

सुरंगी

अबोली, हा प्रतिसाद मी शनिवारी सभामंडपात वाचून दाखवला, नाव न सांगता. बचत गटातल्या मावशी डोळे पुसत होत्या.

बाकीच्यांसाठी खबर. पखवाजवाले काका आले होते, कणीक लावून दाखवली, बागवाल्या काकांनी दर थापेला हात खाली नेत नेत सूर दाखवला, पार जमिनीला टेकवला. खलाशी दादांची फळी केली, तंगूस कंडक्टरभाऊंनी आणली. घोडी २४ इंचावर लावली आणि पेटीवर काळी एक धरून सा आणि प एकत्र वाजवला, मग पुरुषांना सा धरायला सांगितला आणि बायकांना त्यांच्या सोयीचा सूर. सांगितलं नव्हतं तरी बहुतेक जणींनी पंचमच धरला. आरती तशीच म्हणून बघितली, दोन पट्ट्यांत एकाच वेळी. कोणाच्या शिरा ताणल्या नाहीत. आता सोळा जण येतात.

तवसाळच्या दोघींना शेवटच्या फेरीबोटीसाठी लवकर सोडावं लागतं. रात्री त्यांचा मेसेज आला, ताई बोटीच्या इंजिनाचा सा मिळाला, आम्ही दोघी पलीकडे पोचेपर्यंत त्यावर पंचम धरून होतो, बोटीवरचे सगळे बघत होते.

---

खलाशी

इंजिन कुठल्या पट्टीत आहे बघितलंत का?

---

सुरंगी

नाही अजून. येत्या शनिवारी पेटी घेऊन बोटीवर जातोय सगळे.